स्ट्रेचरला हात हवेत : घाटातल्या बचाव गटात यायचंय त्यांच्यासाठी

दगडवाट | ७ जून, रात्री १०.५०

मंडळी, आज मृग. पहिला मोठा पाऊस पडला, कुठल्यातरी धबधब्याचा व्हिडिओ फिरला, की आमच्या गटाच्या फोनवर निरोप सुरू होतात. "दादा, रेस्क्यूमध्ये यायचंय, रॅपलिंग येतं." गेल्या वर्षी असे तीसएक जण आले. दिवाळीपर्यंत टिकले तिघं. गेलेल्यांना मी बोल लावत नाही. काम नेमकं काय असतं हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगावं म्हणून हा धागा काढतोय.

मी खोपोली-लोणावळा पट्ट्यातल्या एका लहान गटात अकरा वर्षं आहे. नोकरी कारखान्यात, शिफ्टची. गटात रिक्षावाले आहेत, शिक्षक आहेत, किराणा दुकानदार आहे, दोन इलेक्ट्रिशियन आहेत. पगार कुणालाच नाही, पेट्रोल बहुतेक वेळा ज्याचं त्याचं. निरोप पोलीस ठाण्यातून येतो, तहसीलमधून येतो, कधी थेट गावच्या पोलीस पाटलाचा फोन येतो. ग्रुपवर एक ओळ पडते: ठिकाण, किती माणसं, जखमी की बेपत्ता. ज्याला जमेल त्याने फक्त "निघालो" आणि वेळ लिहायची. बाकी चर्चा नाही.

आता मुद्दा. सगळ्यांना दोरावर जायचं असतं. दोराला माणसं कमी पडल्याचं मला आठवत नाही, कमी पडतात ती स्ट्रेचरला. हिशोब करा. जखमी माणूस सत्तर किलोचा. स्ट्रेचर, पट्टे, पांघरुणं धरून आणखी दहा-पंधरा किलो. एका वेळी सहा जण उचलतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन. चिखलात दहा मिनिटांत हात भरून येतात, म्हणून बदलीला सहा, त्यांच्या बदलीला आणखी सहा. पुढे वाट बघायला एक, जखमीच्या डोक्याशी त्याच्याशी बोलत चालायला एक, मागे सामान घेऊन दोन-तीन. झाली बावीस माणसं. कड्यावरून ओढून घ्यायला अँकर लावणारे, म्हणजे दोर खडकाला पक्का बांधणारे दोघं, खाली जाणारे दोघं, वर ओढायला काही हात, एवढ्यात भागतं.

आणि आपल्या पायवाटा दीड फुटाच्या. सहा माणसं शेजारी-शेजारी चालूच शकत नाहीत. मग चालायचंच नाही. दोन रांगा समोरासमोर बसतात, पाय रोवतात आणि स्ट्रेचर हातोहात पुढे सरकवतात. मागचे मोकळे झाले की धावत पुढे जाऊन बसतात. दोनशे मीटरला पाऊण तास लागलेला मी पाहिलाय. यात शौर्य दिसत नाही, व्हिडिओ तर अजिबात होत नाही, पण माणूस खाली येतो तो असाच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी, गाडीरस्ता नाही, खालून तास-दीड तासाची चढण. जेसीबी वर नेता आला नाही, पावसाळी हवेत हेलिकॉप्टरही उपयोगाला आलं नाही. कुदळ, फावडं, घमेलं आणि हात, एवढंच. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. दिवसभर माझ्या वाट्याला एकच काम आलं, पाण्याचे कॅन वर न्यायचे. चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मनात आलं की आपण एवढं शिकलोय आणि हमाली करतोय. वर पोहोचलो तर एनडीआरएफच्या एका जवानाने कॅन हातातून घेतला, तोंडाला लावला, अर्धा संपवला आणि एक शब्द न बोलता परत खोदायला वळला. त्यानंतर तो विचार पुन्हा कधी आला नाही. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही. चौथ्या दिवशी शोध थांबला.

यायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सराव असतो. पहिले सहा महिने फक्त सराव, गाठी आणि स्ट्रेचर. विचारायचं ते खाली विचारा.

बकुळफूल | ७ जून, रात्री ११.३५

वाचलं. मी ४७ वर्षांची, बँकेत काम करते, उजवा गुडघा दुखरा. डोंगर चढणं आता होणार नाही. पण वर्षानुवर्षं घरासमोरून तुमच्यासारख्यांच्या गाड्या रात्री-अपरात्री जाताना बघते आणि आत जाऊन झोपते, याचं वाईट वाटतं. माझ्यासारखीला काही काम असतं का? खरं उत्तर द्या, मन राखायला नको.

दगडवाट | ८ जून, सकाळी ६.१०

ताई, खरंच सांगतो. आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती खाली बसणाऱ्या माणसाची. गाडी लावतो तिथे एक जण वही घेऊन बसतो. कोण किती वाजता वर गेलं, कुणाकडे कुठला वॉकीटॉकी, किती टॉर्च, कोण किती वाजता खाली आलं. पोलिसांचे फोन, १०८ चे फोन, नातेवाइकांचे फोन. हे काम आम्ही आळीपाळीने, वैतागत करतो. दोन वर्षांपूर्वी आमचाच एक मुलगा काळोखात वेगळ्या वाटेने उतरून परस्पर घरी गेला आणि आम्ही त्याला पहाटे तीनपर्यंत डोंगरात शोधत होतो. वही नीट असती तर अर्ध्या तासात कळलं असतं. बँकेतल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. रविवारी याच.

कडेपठार | ८ जून, सकाळी ९.०२

मी २६ चा, आयटीत, पिंपरीत. तयारी आहे. दोन प्रश्न. एक, काही झालं तर विमा वगैरे? दोन, मंगळवारी दुपारी फोन आला तर ऑफिसात काय सांगता? घरी आईने आत्ताच डोळ्यांत पाणी आणलंय.

दगडवाट | ८ जून, दुपारी २.२०

विमा गटाचा आहे, अपघाती, आम्ही वर्गणीतून भरतो. रक्कम मोठी नाही. स्वतःचा वेगळा काढ, आणि काढताना गिर्यारोहण त्यातून वगळलंय का ते वाच. बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

दुसरं, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात 'आपदा मित्र'ची चौकशी कर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे, बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि विमाही. तिथे पूर, आग, शोध, प्रथमोपचार सगळ्याची तोंडओळख होते. आमच्यातले चौघं करून आलेत. मोठ्या आपत्तीत प्रशासन आधी याच यादीकडे बघतं.

रजेचं उत्तर माझ्याकडे चांगलं नाही. मला आजवर समजून घेणारा सुपरवायझर मिळाला, सगळ्यांना मिळत नाही. आमच्या एका जोडीदाराची दोन दिवसांची बिनपगारी झाली, कारण शोधकार्यात फोनला रेंज नव्हती. तेव्हा "निघालो" लिहायच्या आधी कामावर कळवायचं, हा नियम पाळ. नाही जमलं तर नाही लिहायचं. कुणी विचारत नाही.

आईला एकदा सरावाला घेऊन ये. माझी आई आली होती. तिने आम्हाला हेल्मेट, दोन-दोन आधार, गाठ बांधल्यावर दुसऱ्याने तपासणं हे सगळं बघितलं. त्यानंतर तिची भीती गेली असं नाही, पण फोन आला की डबा भरून देते.

राइनकाठी | ८ जून, संध्याकाळी ७.४५

रजेच्या मुद्द्यावर लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, जर्मनीतल्या एका लहान गावात राहतो. इथे बहुतेक गावांत पगारी अग्निशमन दल नसतंच. 'फ्रायविलिगे फॉयरवेअर' म्हणजे स्वयंसेवकांचंच दल असतं, देशभरात दहा लाखांच्या आसपास माणसं त्यात आहेत. बेकरीवाला, शाळामास्तर, सुतार. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघतात. मालकाने सोडावं लागतं, कायदाच आहे, आणि त्या तासांचा पगार कापला जात नाही. मालकाला भरपाई हवी तर गावपालिका देते.

मी तीन वर्षं जातोय. पहिलं वर्षभर मी नळ्या धुवायचो आणि वाळत घालायचो. दगडवाट लिहितात ते स्ट्रेचरचं वाचून अगदी ओळखीचं वाटलं. आपल्याकडे निदान आपत्तीच्या दिवसांची पगारी रजा तरी मिळायला हवी. त्यासाठी कामगार विभागाकडे एकत्र अर्ज करायचा असेल तर मसुदा लिहायला मी तयार आहे.

रोखठोक | ९ जून, सकाळी ८.१५

मत पटणार नाही, तरी लिहितो. बंदीचा बोर्ड वाचूनही धबधब्यात उतरणाऱ्यांसाठी, कड्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी तुम्ही जीव का धोक्यात घालता? अशांकडून बचावाचा सगळा खर्च वसूल करा. एकदा पन्नास हजार भरले की पुढचे शंभर सुधारतील.

मोगरा_अंगण | ९ जून, सकाळी १०.४०

रोखठोक, माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं. त्यांच्यातल्या कुणी काही केलं नव्हतं, दुसऱ्याच टोळक्याने खाली शेकोटी पेटवली होती. तो पळाला आणि घसरून झाडीत अडकला. आम्हाला फोन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. त्याला आणणारी माणसं स्वतः डोक्यावर गोणपाट गुंडाळून गेली होती, अंधार पडून माशा बसेपर्यंत थांबून मग. रात्री पावणेदोनला तो खाली आला. चेहरा ओळखू येत नव्हता. आज तो नोकरी करतो.

त्या रात्री कुणी आम्हाला विचारलं नाही की चूक कुणाची. पैसे भरावे लागतील या भीतीने त्याच्या मित्रांनी फोन करायला एक तास जरी उशीर केला असता तर? तुम्हीच सांगा.

दगडवाट | ९ जून, रात्री ९.३०

मोगराताई, आभार.

रोखठोक, तुमचा राग मला कळतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. लोणावळ्याच्या शिवदुर्ग या बचाव गटाची मंडळी पाण्यात शोधत होती. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, माणसं एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभी आहेत. मला तेव्हा राग नाही आला. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा काही मिनिटांत फुगतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कुणी शिकवलेलंच नसतं. बंदी, दंड, कारवाई हे प्रशासनाने जरूर करावं, घटना घडायच्या आधी. घडल्यावर आमचा प्रश्न एकच असतो, माणूस कुठे आहे. बिल लावायला लागलो तर फोन उशिरा येतील, आणि उशिरा आलेला फोन म्हणजे बहुतेक वेळा मृतदेह.

पंचगंगातीर | १० जून, दुपारी १२.०५

डोंगराचं चाललंय, पण पाण्यातलंबी लिहितो, मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या पुरात आमच्या तालमीची पोरं नावेवर होती. तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली. लोक घर सोडत न्हाईत. "२००५ ला पाणी ह्या पायरीपर्यंत आलं हुतं, त्याच्या वर येत न्हाई," हे वाक्य मी त्या आठवड्यात कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. आणि जनावरं. म्हातारा म्हणतो म्हशीला सोडून येत न्हाई. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. दावं तरी सोडा, जनावर पोहून जीव वाचवंल, एवढं त्याला पटवायचं, मग तो नावेत बसतो. हे पटवायला बाहेरचा माणूस चालत नाही. त्याच्या ओळखीचा, दूध डेअरीतला, सोसायटीतला माणूस लागतो. म्हणून स्थानिक स्वयंसेवक पाहिजे. एनडीआरएफकडं बोट असती, पण कुठल्या गल्लीत कुठली म्हातारी एकटी राहती ते आमालाच माहीत.

दुसरी. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली. माणसं जास्त झाली हुती. आमच्याकडं ती बातमी आली तेव्हा आमच्या नावेतबी ठरल्यापेक्षा चार जास्त हुते. त्या दिवसापासून काठावर एक जण उभा केला, त्याचं काम फक्त मोजायचं. लहान लेकरू असंल तरी एक माणूस. लाईफ जॅकेट संपली की चढणं बंद. बाया रडत्यात, हात जोडत्यात, पोरगं वर करून दाखवत्यात. तरी न्हाई. दुसरी खेप मारायची. लई जड जातं ते. मला अजून एक चेहरा आठवतो. पण ती बाई दुसऱ्या खेपेला आली, पोरासकट.

परिचारिका_दीदी | १० जून, रात्री ८.५०

मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात आहे. तुम्ही आणलेली माणसं आम्ही घेतो. म्हणून चार गोष्टी तिकडच्या बाजूने.

पडलेल्या माणसाला काखेत धरून उठवून बसवू नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी एकाच वेळी वळवून स्ट्रेचरवर घ्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीच घालू नका, कितीही वाटलं तरी. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, निदान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ पडतो.

मोहोळात सापडलेल्याचे काटे लवकर काढा आणि आवाज घोगरा होतोय का, श्वास लागतोय का, याकडे लक्ष ठेवा. तसं झालं तर बाकी सगळं सोडून आधी त्याला हलवा.

पावसाळ्यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे थंडी. जुलैत सह्याद्रीत कुणी गारठून जाईल हे लोकांना पटत नाही. रात्रभर ओल्या कपड्यांत पडलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा पाय मोडलाय याच्याइतकीच चिंता तो गार पडलाय याची असते. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, खालून प्लास्टिक घाला, डोकं झाका.

रस्त्यावरच्या अपघाताबद्दल एक. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील या भीतीने अजून माणसं गाडी थांबवत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम आलंय, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. निर्धास्त थांबा.

कडेपठार | ११ जून, सकाळी ७.३०

आई रविवारी येतेय सोबत.

एक विचारायचं राहिलं. मृतदेह आणायचे असतात तेव्हा काय करता? मला खरंच माहीत नाही मी काय करेन.

दगडवाट | ११ जून, रात्री ११.१५

हा प्रश्न तू आधी विचारलास हे बरं झालं.

आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला बस दरीत गेली. एकच माणूस वाचला. महाबळेश्वर, पोलादपूर भागातल्या ट्रेकर मंडळींनी दोर लावून शेकडो फूट खाली उतरून एकेक देह वर काढला. त्यांच्यातल्या एकाशी मी नंतर बोललो. मला वाटलं दरीबद्दल, दोराबद्दल सांगेल. तो म्हणाला, खाली मोबाईल वाजत होते. खिशांमध्ये. घरचे फोन करत होते.

पहिल्या खेपेला नवीन माणसाला आम्ही मृतदेहाच्या जवळ नेत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याने स्वतः म्हटलं तरच. "आज नको" म्हणायची मुभा कायम, अकरा वर्षांनीही. मी स्वतः एकदा म्हटलंय, लहान मुलगी होती, माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची. मी बाजूला झालो, दुसरा पुढे आला. नंतर त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

चेहरा झाकायचा. देहाबद्दल बोलताना, म्हणजे उचलताना सूचना देताना, "बॉडी" म्हणायचं नाही, नाव माहीत असेल तर नाव. हा आमच्या जुन्या काकांचा नियम आहे, सुरुवातीला मला विचित्र वाटला होता. फोटो काढायचा नाही. एका शोधकार्यात बाहेरून आलेल्या कुणीतरी फोटो टाकला आणि पोलीस घरी पोहोचायच्या आत तो मृताच्या बहिणीच्या फोनवर पोहोचला. ती किंचाळी मी फोनवर ऐकली आहे. त्यानंतर फोटो काढताना दिसेल त्याला त्याच क्षणी खाली पाठवतो.

खाली आल्यावर लगेच कुणी घरी जात नाही. कुठेतरी चहाला थांबतो आणि प्रत्येक जण जे झालं ते सांगतो, फक्त काय झालं ते. काहीच बोलायचं नसेल तर नुसतं बसायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकमेकांना फोन करतो, कारण झोप उडते ती तेव्हा. दोघांना समुपदेशकाकडे जावं लागलं, दोघंही परत कामाला आले. यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि गावकऱ्यांना विसरू नकोस. आपण पोहोचायच्या आधी तिथले ठाकर, कातकरी, धनगर पोहोचलेले असतात, अनवाणी, बांबूला घोंगडी बांधून झोळी करून. बहुतेक वेळा माणूस शोधतात तेच. बातमीत त्यांचं नाव येत नाही. तू निदान त्यांचं नाव विचार आणि उतरताना त्यांच्या घरी पाणी पी.

बकुळफूल | २१ जुलै, रात्री ९.२०

धागा वर काढतेय. दोन रविवार सरावाला गेले, आणि परवा पहिला निरोप आला. संध्याकाळी पाच वीसला. बावीस वर्षांचा मुलगा ओढ्यात घसरलेला. बँकेतून तशीच गेले.

गावच्या शाळेच्या ओट्यावर बसले, वही आणि टॉर्च घेऊन. अंधारात दहाच्या सुमारास शोध थांबवला, पहाटे पुन्हा सुरू. मी रात्रभर तिथेच होते. मुलाचे वडील शेजारी येऊन बसले. आम्ही फारसं बोललो नाही. एकदा त्यांनी विचारलं, "वर किती जण आहेत?" मी वहीत बघून सांगितलं, अठरा. दर अर्ध्या तासाने ते तेच विचारायचे आणि मी दर वेळी वही उघडून, बोट ठेवून मोजून सांगायचे. मला आकडा पाठ होता, पण मी मोजून दाखवलं की त्यांना बरं वाटतंय असं दिसत होतं.

सकाळी मुलगा मिळाला, गेलेला होता. पोलिसांनी वडिलांना सांगितलं. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, किती वाजता सापडला ते लिहिलंय का?" नऊ चाळीस. "जवळ कोण होतं?" मी दोन नावं वाचली, एक आपल्या गटातलं आणि एक गावातल्या ठाकर दादांचं. ती नावं कागदावर लिहून द्या म्हणाले. मी मागचं पान फाडून वेळ आणि नावं लिहून दिली. त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

सव्वाबाराला शेवटचा माणूस उतरला. अठरा वर, अठरा खाली.

दगडवाट | २१ जुलै, रात्री १०.०५

ताई, वहीची पानं भिजली असतील तर पंख्याखाली वाळवून ठेवा. पोलिसांना पंचनाम्यासाठी वेळा लागणार आहेत, उद्या त्यांचा माणूस घ्यायला येईल. मी रात्रपाळीला आहे, कडेपठारला तुमच्याकडे पाठवतो.